परबने लावलेली रांग

नलिनी परब कधी खुर्चीत नीट टेकून बसली असेल असं मला वाटत नाही. बसलीच तर अर्ध्या खुर्चीवर, कुणीतरी आत्ता हाक मारणार आहे अशा बेताने. चहा उभ्याने, डबा उभ्याने, मीटिंगमध्येसुद्धा दाराला टेकून. लिफ्टची वाट बघायला नको म्हणून जिने चढायची आणि वर पोचल्यावर धापा टाकत, लिफ्टने आलेल्यांना विचारायची, "आलात का?" तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणं म्हणजे गॅसवर ठेवलेल्या कुकरशेजारी बसून पेपर वाचणं. शिट्टी कधी होईल सांगता येत नाही आणि तोवर वाचलेलं डोक्यात शिरत नाही. मी ते बरीच वर्षं केलं, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं थोडं श्रेय तिला द्यायला माझी काही हरकत नाही.

आमचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली इथे आमची तपासणी केंद्रं. पेशंट तिथे जाऊन सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून घेतो, त्याच्या इमेजेस इंटरनेटच्या लाईनवरून अंधेरीला येतात, आमचे डॉक्टर त्या स्क्रीनवर बघून रिपोर्ट लिहितात आणि रिपोर्ट परत केंद्रावर जातो. पण त्याच लाईनवरून बिलं जातात, फोन चालतात, मीटिंगा होतात, केंद्रांवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग येतं आणि कामाच्या वेळात लोक बघतात ते क्रिकेटही येतं. ही लाईन म्हणजे परबचं खातं. माझ्याकडे खरेदी आणि ऑफिसची व्यवस्था. एसी बंद पडला की शिव्या मला, नेट स्लो झालं की तिला.

आमचा दोघांचा एकच वाद होता आणि तो कधी मिटला नाही. माझं म्हणणं साधं. लाईन पुरत नाही ना, मग मोठी घ्या. मी तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवतो, मोठे साहेब सही करतील, विषय संपेल. परबला हे ऐकूनच राग यायचा. "सावे, लाईन लहान नाहीये रे," ती टेबलावर बोटं वाजवत म्हणायची. "आधी कोण आणि मागून कोण, हे ठरलेलं नाहीये. मोठी घेतलीस तर मोठी भरेल. लोकांना रस्ता दिसला की गाड्या घेतात."

मग तिने ते ठरवून टाकलं. सगळ्यात आधी तातडीचे स्कॅन, म्हणजे ज्यांच्या कागदावर डॉक्टरने तसं लिहिलंय ते. मग बोलणं, कारण डॉक्टर डॉक्टरशी बोलताना आवाज तुटला तर भलतंच ऐकू जातं. मग साधे स्कॅन. मग बिलं आणि मेल. कॅमेरे आणि कॉम्प्युटरची अपडेटं सगळ्यात शेवटी. हे सगळं तिने लाईनच्या मशीनमध्ये घातलं आणि मला येऊन सांगितलं, की या रांगेत कामाची नावं आहेत, माणसाचं नाव एकही नाही. असली अक्कल कुठून आली विचारलं, तर म्हणाली, चाळीतून. वडील गिरणीत होते. चाळीत नळावर ज्याच्या घरात गिरणीची पहिली पाळी त्याची बादली आधी, मग तो कुणी का असेना. हे खरं की मला गप्प करायला रचलेलं, देव जाणे. चाळ सोडून ते लोक नाहूरला आले तेव्हा ती शाळेत होती.

आमचे मोठे साहेब म्हणजे डॉक्टर बेहेरे. माणूस चांगला, पण मीटिंगमध्ये स्वतःचा चेहरा अडकलेला त्यांना खपत नसे. एकदा बाहेरगावच्या कुणा बड्या मंडळींशी बोलताना त्यांचं चित्र तोंड उघडं असतानाच थिजलं आणि तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, माझ्या केबिनला सगळ्यांच्या आधी लाईन द्या. मी तेव्हा त्यांच्याच केबिनमध्ये एसीच्या तक्रारीसाठी उभा होतो. परब लॅपटॉप हातात घेऊनच आली. तिने ना नाही म्हटलं. म्हणाली, करते सर, फक्त कुणाला मागे ठेवू तेवढं सांगा. आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. त्या क्षणाला काय काय येत होतं ते त्यावर दिसत होतं. घाटकोपरहून डोक्याला मार लागलेला कुणीतरी, बोरिवलीहून छातीत दुखणारी एक बाई. "यातलं कुठलं थांबवू?" तिने विचारलं. बेहेऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जा."

ती गेली. मी मागोमाग बाहेर आलो तर ही पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून उभी. मला म्हणाली, "गेली ना रे नोकरी?" मी म्हटलं, गेली तर मी पेढे वाटीन, निदान मला लाईन तरी मोठी घेता येईल. तेव्हा कुठे ती हसली आणि जिन्याने खाली पळाली. तिच्या धैर्याच्या गोष्टी पुढे ऑफिसात फार रंगवून सांगितल्या गेल्या. पण मला भिंतीला लावलेला तो हात जास्त आठवतो.

आता मुलुंडची गोष्ट. ती ऐकून माणसांबद्दल काय मत बनवायचं ते ज्याने त्याने बनवावं. रांग लागल्यावर बातमी पसरली, की लाईनवर बोलणं आधी जातं आणि कागद मागून. मुलुंड केंद्राच्या रिसेप्शनवर कुंदा नावाची मुलगी होती, हुशार आणि बोलकी. तिने सरळ सकाळी दुकान उघडतात तसा अंधेरीशी व्हिडिओ कॉल उघडला आणि तो संध्याकाळपर्यंत बंदच करेना. बिल पाठवायचं असलं की बिल कॅमेऱ्यासमोर धरायचं, इकडे अंधेरीत बिलिंगवाल्याने बघून टाइप करायचं. पेशंटचा फॉर्म असाच. दिवसभर अंधेरीच्या स्क्रीनवर मुलुंडची भिंत, कुंदाची वेणी, पंखा आणि दुपारी तिचा डबा. आज मुलुंडला कुठली भाजी आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत असायचं. आणि या न संपणाऱ्या कॉलमुळे साधे स्कॅन मागे मागे राहत होते, कारण बोलणं त्यांच्या पुढे होतं.

परबला हे कळल्यावर ती मला घेऊन रिक्षाने मुलुंडला निघाली. पवईला रस्ता तुंबला. परब थोडा वेळ पाय हलवत बसली, मग ड्रायव्हरच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली आणि शेवटी उतरून चालायलाच लागली. मी रिक्षात, ती फुटपाथवर. कधी मी पुढे, कधी ती. ड्रायव्हरने मला विचारलं, मॅडम नाराज आहेत का. मी म्हटलं, नाही हो, या अशाच आहेत. रस्ता मोकळा झाल्यावर तिला पुढे कुठेतरी गोळा केली, तर मलाच ऐकवलं, की तुझ्यामुळे उशीर झाला.

मुलुंडला कुंदा जराही घाबरली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, बोलणं आधी जातं? मग आम्ही सगळं बोलूनच करतो." परब तिच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. पण हसणं संपल्यावर तिने तो कॉल बंद करायला लावला आणि अजून एक गोष्ट शोधून काढली. केंद्रावरची मंडळी ओळखीच्या पेशंटच्या स्कॅनवर तातडीची खूण करत होती. कुणाची मावशी, कुणाच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तिथे मात्र ती हसली नाही. सगळ्यांना उभं करून म्हणाली, की सगळेच तातडीचे झाले तर ज्याचा जीव जातोय त्याने कुठे जायचं? डॉक्टरने कागदावर लिहिलं असेल तरच खूण, नाहीतर नाही. तुमच्या आईसाठी नाही, माझ्या आईसाठी नाही. कुंदाने मान खाली घालून हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून मुलुंडने हा नियम सगळ्यांत काटेकोर पाळला.

तिच्या नवऱ्याला, श्रीधरला, मी ऑफिसच्या वार्षिक जेवणाला भेटायचो. शाळेत चित्रकला शिकवायचा. इतका संथ माणूस मी दुसरा पाहिला नाही. बांगड्याचे काटे काढत, मध्येच थांबून भिंतीवरचा रंग बघत, तो तास तास जेवायचा. परब आपलं पान संपवून, हात धुऊन, तिसऱ्यांदा येऊन विचारायची, झालं का. त्याच्यावर काही परिणाम नाही. मी एकदा विचारलं, हिच्याबरोबर कसा राहतोस रे. म्हणाला, "ती धावते ना, म्हणून मला धावावं लागत नाही." आणि परब, जिला जगातली कुठलीही दिरंगाई सहन होत नसे, ती त्याच्या पानाशेजारी पाण्याचा ग्लास सरकवून गप्प उभी राहायची. त्या दोघांचं काय जमलं होतं ते त्यांनाच ठाऊक, पण फार छान जमलं होतं.

गणपतीनंतरचा सोमवार होता. सणात दुखणी अंगावर काढलेले सगळे लोक एकदम केंद्रांवर आले होते. श्रीधरच्या कुशीत बरेच दिवस दुखत होतं, घराजवळच्या डॉक्टरने स्कॅन लिहून दिला होता, आणि तो सकाळीच नाहूरहून मुलुंड केंद्रावर जाऊन स्कॅन करून घरी गेला होता. एरवी दुपारच्या जेवणापर्यंत रिपोर्ट होतो. त्या दिवशी तिन्हीकडून तातडीचे स्कॅन थांबेनात. एक गेला की दुसरा. परबच्या स्क्रीनवर श्रीधरचं नाव साध्या रांगेत दिसत होतं आणि पुढे सरकत नव्हतं.

ती सर्व्हर रूममधून खिडकीशी, खिडकीतून डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी, तिथून परत आत अशा फेऱ्या घालायला लागली. डबा उघडला नाही. चहा कुणी आणून दिला तो गार झाला. काय चाललंय ते मला तिच्या स्क्रीनकडे बघून कळलं. मी म्हटलं, कुंदाला फोन कर, एक खूण करायची आहे, संपलं.

"डॉक्टरने तातडी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, नवरा आहे तुझा."

"म्हणूनच."

माझं डोकं फिरलं. मी तिला बरंच बोललो. म्हटलं, नियम तू केलेस, ते काय आकाशातून पडलेत का. एक माणूस पुढे गेला तर कुणाला कळणार आहे? ती थांबली. तिचा चेहरा इतका ओढलेला मी कधी पाहिला नव्हता. रागावली की तिच्या बोलण्यात गाव यायचं, पण त्या वेळी ती रागावलेली नव्हती, तरी गावच आलं. हळू म्हणाली, "माका कळतला, सावे." आणि परत चालायला लागली.

स्कॅन संध्याकाळी आला. आमच्या डॉक्टर मेधा तो बघून स्वतः उठून बाहेर आल्या आणि परबला शोधायला लागल्या. आमच्याकडे रिपोर्ट कॉम्प्युटरवर येतो, डॉक्टर चालत येत नाहीत. परबने त्यांना येताना पाहिलं आणि दाराची चौकट धरली. श्रीधरच्या मूत्रपिंडात गाठ होती. ऑपरेशन करावं लागणार होतं. त्या दिवसाच्या उशिराने काही बिघडलं नाही, हे मेधाबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते खरंही होतं. परबने विचारलं ते वेगळंच. "तो दिवसभर घरी फोन धरून बसला असेल ना?"

त्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, कोटेशन मागव. मला वाटलं, काहीतरी दुसरं मागतेय. म्हणाली, लाईनचं, मोठ्या. इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो, किती टोमणे जमवून ठेवले होते. एकही आठवला नाही. मी कागद घेतला आणि कंपन्यांची नावं लिहायला लागलो.

मीटिंगमध्ये बेहेऱ्यांनी मात्र संधी सोडली नाही. म्हणाले, "बाई, मोठी घेतली तर मोठी भरेल, असं तुमचंच म्हणणं होतं ना?"

"भरेल सर. आजही तेच म्हणते," परब दाराशी उभी राहून म्हणाली. "रांग काढू नका, रांग पाहिजेच. पण मी रांग लावली तेव्हा पुढे कोण आहे तेवढंच बघितलं. तुम्हालाही तेवढंच दाखवलं. शेवटी कोण उभा आहे ते मी बघितलंच नाही. आपण त्याला साधा म्हणतो. तो स्वतःला साधा म्हणत नाही."

बेहेऱ्यांनी सही केली. नंतर कॅन्टीनमध्ये आयटीतली दोन-तीन पोरं कुजबुजत होती, की परब मॅडम शेवटी हरल्या, आम्ही तर पहिल्यापासून म्हणत होतो. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं म्हणणं खोडतो, तेव्हा त्याला काय मोजावं लागतं ते या वयात कळत नसावं.

नवी लाईन आली. परबने जुनी रांग तशीच ठेवली, फक्त साध्या स्कॅनना कधीही पूर्ण अडवायचं नाही, थोडी वाट त्यांच्यासाठी कायम मोकळी ठेवायची, असा एक बदल केला. मग ती रजेवर गेली. श्रीधरचं ऑपरेशन झालं, पुढची औषधं सुरू झाली, रजा वाढली आणि एक दिवस तिने राजीनामाच पाठवला. निरोपाचा समारंभ नको म्हणाली, थांबायला वेळ नाही. आता लाईनचं काम बाहेरची कंपनी बघते. सांगायला वाईट वाटतं, पण मोठी लाईनही भरत आली आहे. कॅमेरे नवे घेतले, त्यांचं चित्र फार सुरेख येतं आणि फार जागा खातं. परवाच मला निरोप आला, सावे, अजून मोठ्या लाईनचं कोटेशन मागवा. मी मागवलं. शेजारचं टेबल शांत आहे आणि माझं कामात लक्ष लागत नाही.

तिला मी शेवटचं पाहिलं ते मुलुंड केंद्रावर. तिथल्या एसीचं काम करून घ्यायला गेलो होतो. बाहेरची खोली गच्च भरली होती. एका कोपऱ्यात श्रीधर बसला होता, अर्धा झालेला, आणि शेजारी परब. पुढच्या तपासणीसाठी आले होते. मी जवळ गेलो. श्रीधर माझ्याकडे बघून हसला. परबने विचारलं, लाईन कशी आहे. मी म्हटलं, भरली. तिने मान हलवली.

तेवढ्यात कुंदा रिसेप्शनवरून उठून आली आणि वाकून हळू म्हणाली, मॅडम, मशीन आता रिकामं होतंय, तुम्ही चला आत. परबने विचारलं, आमच्या आधी किती जण आहेत. कुंदा म्हणाली, आहेत, पण तुम्ही चला ना. परबने खोलीभर नजर फिरवली. एक म्हातारे गृहस्थ, पोटाशी फाइल धरलेली एक बाई, भिंतीला डोकं टेकून झोपलेला एक माणूस. "नको गं," ती म्हणाली. "नंबराने येतो." कुंदा गेली. परब उठली, खिडकीशी गेली, परत आली, बसली, परत उठली. श्रीधरने कुशीवर हात दाबून डोळे मिटले आणि ओठ घट्ट आवळले.

परब एक क्षण त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग काउंटरशी जाऊन कुंदाशी दोन शब्द बोलली, परत आली आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. जन्मात पहिल्यांदाच ती त्याच्या चालीने चालत होती. माझ्यापाशी आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच.

"बघतोयस काय, सावे? दार धर."

मी दार धरलं. ती दोघं आत गेली. मला फार बरं वाटलं. दार लावून वळलो, तर फाइलवाल्या बाईंनी मला विचारलं, "माझा नंबर तुमच्या आधी होता का?"

मी म्हटलं, हो.